आमच्या कन्नडच्या टीचर

आपल्या मराठी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आधी टीचरच उभ्या राहिल्या. शनिवारची सकाळची शाळा, मे महिन्यात पालकांनी येऊन कौले परतून देणे, रोप लावणीच्या दिवसांत अर्धे रिकामे वर्ग, प्लास्टिकच्या खोळी पांघरून चिखलातून येणारी रांग, हे बाकीचे लिहितीलच. मला टीचरांबद्दल लिहायचे आहे.

त्या धारवाडहून आल्या तो काळ आठवा. जून १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात आपली सीमाभागातली मराठी माणसे हुतात्मा झाली, त्याला फार वर्षे झाली नव्हती. १ नोव्हेंबरला शाळेत कर्नाटक स्थापनेचा राज्योत्सव आणि गावात त्याच्या निषेधाचा काळा दिवस. अशा गावात कन्नड शिकवायला एक तरुण बाई एकटी आली. राहायला खोली मिळेना. त्यात आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचा पाऊस! पहिल्या पावसाळ्यात त्यांची लुगडी वाळेनात, तेव्हा माझ्या आजीने त्यांना बोलावून घेतले आणि चुलीवर दोरी बांधून दिली. "लेकरा, आठ दिवस ओलंच नेसूलालीस काय?" असे ती म्हणाली. टीचरांना किती कळले कोण जाणे, पण त्या रडल्या. पुढे त्या आमच्याच माडीवर राहिल्या.

शाळेच्या गणपतीची गोष्ट त्यानंतरच्या वर्षीची. आरती नेहमी हेडसर म्हणायचे, आणि नेमका त्या वर्षी त्यांचा आवाज बसला. कोणी पुढे व्हायचे म्हणून सगळे एकमेकांकडे बघत असताना टीचर वही घेऊन पुढे आल्या. त्या वहीचे गुपित आम्हा चार मुलींनाच माहीत होते. मधल्या सुट्टीत त्या आम्हाला आरती सावकाश म्हणायला लावायच्या आणि कन्नड अक्षरांत उतरवून घ्यायच्या. काना-मात्रा चुकू नये म्हणून तीच ओळ पुन्हा पुन्हा विचारायच्या. त्या दिवशी एकही शब्द अडला नाही. 'ळ' तर आमच्यापेक्षा स्वच्छ. मागे गावचे पंच उभे होते. ते आधी गप्प होते, पण दुसऱ्या कडव्याला त्यांनीही टाळ धरला. आरती झाल्यावर टीचर घामाने भिजल्या होत्या आणि हेडसर बसलेल्या आवाजात "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या माडीवर तांदूळ, नारळ, केळीचे घड येऊन पडले. कोणी पाठवले ते आजीने कधीच सांगितले नाही.

मग कन्नडच्या तासाला कोणी दांडी मारीना. ज्यांनी आपली आरती शिकून घेतली, त्यांची बाराखडी आपण शिकायची नाही, असे घरी कोण म्हणणार? जानेवारीपासून दहावीची मुले अभ्यासाला शाळेत झोपायची आणि मुली टीचरांकडे. वीज गेली की कंदील. रात्री त्या ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या आणि शेंगाचटणीबरोबर वाढायच्या. आम्ही भात खाणारी माणसे, पण ती चव अजून जिभेवर आहे. कन्नडला पास होण्यापुरते ३५ गुण मिळाले तरी घरच्यांना पुरे होते, टीचरांना मात्र पुरे नसायचे. "नुसतं पास होऊन बोलता येत नाही," असे त्या त्यांच्या मराठीत सांगायच्या आणि वाक्य पुन्हा लिहायला लावायच्या.

आज मी बेळगावात एका इस्पितळात वॉर्डची प्रमुख परिचारिका आहे. सौंदत्ती, गोकाक, रामदुर्गकडचे कन्नड बोलणारे पेशंट येतात, तसे चंदगडकडचे मराठी बोलणारेही येतात. रात्री-अपरात्री घाबरलेल्या म्हाताऱ्या आईला तिच्या भाषेत धीर देता येतो, तो टीचरांमुळे. मराठी शाळेत शिकले म्हणून माझे कुठेही अडले नाही, हे मी नव्या मुलींना आवर्जून सांगते.

मागच्या दिवाळीत शाळेकडे गेले होते. कौले जाऊन स्लॅब आला, खोल्या चांगल्या झाल्या, पण पट पार उतरला आहे. सकाळी गावातून इंग्रजी शाळांच्या व्हॅन भरून जातात. आपल्याच बॅचच्या मुलांची नातवंडे त्यांत बसलेली पाहून फार वाईट वाटले. समितीने महोत्सवाच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढावेत आणि लांबच्या वाड्यांतल्या मुलांसाठी गाडी करावी. पहिल्या वर्षाचा माझा वाटा मी पाठवला आहे.

आणखी एक विनंती. टीचर निवृत्त होऊन धारवाडलाच असतात. गुडघे दुखतात, पण येते म्हणाल्या आहेत. सत्काराच्या यादीत त्यांचे नाव पाहुण्यांच्या खाली घालू नका, सगळ्यांत वर घाला. त्यांना धारवाडहून आणायची आणि परत पोचवायची जबाबदारी माझी. उतरायला आमची माडी आहेच.