तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांना आयडी कार्डाचं एवढं वावडं का?

साताऱ्याहून फोन आला की काका विचारतातच, "अगं, तिकडे आयडीवरून एवढा गदारोळ कशाला? आपण नाही का बोटं टेकवून आधार काढलं?" सप्टेंबर २०२५ मध्ये इथे ब्रिटनमध्ये पंतप्रधान स्टार्मरने नोकरीसाठी डिजिटल आयडी सक्तीचं करणार म्हणून सांगितलं, विरोधातल्या ऑनलाइन अर्जावर पंचवीस लाखांच्या वर सह्या पडल्या, आणि पुढच्याच महिन्यात तो मुंबईला येऊन आधारचं कौतुक करून गेला, तेव्हापासून तर हा प्रश्न ठरलेलाच.

तर काका, यांच्याकडे कार्ड होतं. १९३९ मध्ये युद्धासाठी म्हणून आलं, रेशनला लागायचं. युद्ध संपलं तरी कार्ड काही जाईना आणि पोलीस उठसूट मागायला लागले. १९५० मध्ये लंडनच्या फिंचलीत क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाची गाडी पोलिसाने अडवली, हा म्हणाला नाही दाखवत जा. केस वरपर्यंत गेली, कायद्याने तो दोषीच ठरला पण शिक्षा काही झाली नाही, उलट न्यायाधीशांनी पोलिसांनाच सुनावलं की युद्धासाठी केलेला कायदा असा वापरायचा नसतो. १९५२ ला कार्डं बंद. म्हणजे यांचं भांडण कार्डाशी नाहीये, एका कामासाठी घेतलेली माहिती उद्या दुसऱ्याच कामाला लावतील ही धास्ती आहे, आणि ती मला पटते. आपल्याकडे नाही का, बँक आणि सिमकार्डवाले आधारसाठी मागे लागले होते, शेवटी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सक्ती करता येणार नाही.

पुढे पंतप्रधान ब्लेअरने २००६ मध्ये परत कायदा केला, तीस पाउंडाचं कार्ड, सुरुवात मँचेस्टरपासून, घेतलं जेमतेम पंधरा हजार लोकांनी. २०१० मध्ये सरकार बदललं आणि सगळं गुंडाळलं, २०११ मध्ये डेटाच्या हार्ड डिस्कसुद्धा नष्ट केल्या.

आता खरी गंमत. गुंडाळलं ते यांच्या स्वतःच्या लोकांपुरतं हं! आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना २००८ पासून बोटांचे ठसे देऊन कार्ड घ्यावंच लागत होतं, ते चालूच राहिलं. आता त्याचं ई-व्हिसा झालंय, म्हणजे कार्डाऐवजी ऑनलाइन नोंद, नोकरी बदला नाहीतर इंग्लंडात घर भाड्याने घ्या, समोरच्याला ती नोंद तपासता यावी म्हणून सरकारी साइटवरून शेअर कोड काढून द्यायचा, आणि साइट बंद पडली तर बसायचं हात चोळत. ऑफिसातली एक मैत्रीण तावातावाने म्हणत होती की सरकारला माझी माहिती कशाला हवी, मी म्हटलं माझी आहे की त्यांच्याकडे, तर म्हणते, "तुझं वेगळं गं."

आणि कागद नसला की काय होतं तेही इथे बघितलंय. कॅरिबियनमधून कायदेशीर आलेली, चाळीस-पन्नास वर्षं इथेच राबलेली माणसं, पुरावा दाखवता येईना म्हणून त्यांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना तर देशाबाहेर घालवलं, २०१८ मध्ये त्यावरून केवढा गहजब झाला.

जानेवारी २०२६ मध्ये सरकारने सक्तीचा भाग मागे घेतला. त्या अर्जाची लिंक मलाही आली होती, मुद्दा पटत होता तरी सही केली नाही, कारण आमचे ठसे घेतले तेव्हा यातलं कोणी हूं की चूं केलं नव्हतं.