हुकूमनाम्यातलं नाव

मी वकील. एका मुलीच्या वडिलांनी माझ्या टेबलावर ठेवलेला तिच्या घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा कागद, लॅमिनेट केलेला होता. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा मारुती चौकाजवळच्या त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. कागदांची ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर त्यांनी रेशनकार्डापासून मुलीच्या घटस्फोटाच्या नकलेपर्यंत घरातला एकेक कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतला. ज्यानं पूर पाहिलाय तो असंच करणार. तरी मला सांगावं लागलं, "आप्पा, ही प्रत परदेशात चालायची नाही. प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही, मागं स्टिकर लागत नाही, सही शाईची आहे का तेही कुणाला बघता येत नाही. कोर्टातनं नवी नक्कल काढू."

मुलगी मिरजेत नर्सिंग शिकली, इथल्या दवाखान्यांत राबली आणि आता आयर्लंडमध्ये नोकरीला आहे. घटस्फोट 2017 चा, दोघांच्या संमतीनं झालेला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खालचा. तेव्हा वकील दुसरे होते. आता तिला तिकडेच लग्न करायचं होतं. आयर्लंडमध्ये लग्नाची सूचना रजिस्ट्रारला तीन महिने आधी द्यावी लागते, आणि आधीचं लग्न मोडलेलं असेल तर त्याचा अंतिम हुकूमनामा दाखवावा लागतो. घटस्फोट परदेशातला असला तर वेगळा फॉर्म असतो. नवरा-बायको तेव्हा कुठं राहत होते, कुठल्या देशाचे होते, असं त्यात विचारतात. त्यांच्या 1986 च्या कायद्याप्रमाणे ज्या देशात घटस्फोट झाला तिथं दोघांपैकी एकाचा तरी कायमचा अधिवास असावा लागतो. हिच्या बाबतीत दोघंही सांगली जिल्ह्यातले, त्यामुळे ती चिंता नव्हती.

मी प्लॅस्टिकच्या आतला मजकूर वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर थांबले. अर्जदार म्हणून जी बाई लिहिली होती, तिचं नाव हिच्या पासपोर्टवरच्या नावाशी कुठंच जुळत नव्हतं. नुसतं आडनाव नव्हे, नावच वेगळं.

आपल्याकडे हे नवीन नाही. लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलतात. सासरी ती त्या नावानं वावरते, रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर तेच चढतं. मग संसार मोडायची वेळ येते तेव्हा अर्जावरही तेच, पुढं 'भ्र.', म्हणजे भ्रतार, लिहून नवऱ्याचं नाव. मुलगी माहेरी परतते, शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं पासपोर्ट काढते आणि कामाला लागते. हुकूमनाम्यातली बाई मागं सासरच्या नावानं तशीच कागदावर राहते. तेव्हाच्या अर्जात एकदा 'उर्फ' लिहून माहेरचं नाव घातलं असतं तर काम तिथंच संपलं असतं.

आप्पांनी आधी मुंबईच्या एका एजंटाला फोन केला होता. तो म्हणाला होता, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करा, नोटरी करा, पाठवून द्या, स्टिकर मी आणून देतो. स्टिकर मिळालाही असता, यात मला शंका नव्हती आणि तीच मला भीती होती. हा स्टिकर म्हणजे अपोस्टिल, कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं ते प्रमाणन. ते कागदाच्या आत काय लिहिलंय ते तपासत नाही. हेगच्या 5 ऑक्टोबर 1961 च्या करारानं जो नमुना ठरवला आहे त्यात दहा रकाने आहेत: देश कोणता, सही कुणाची, कोणत्या हुद्द्यानं केली, शिक्का कुणाचा, कुठं, कधी, कुणी प्रमाणित केलं, क्रमांक काय, अशा स्वरूपाचे. सही खरी, हुद्दा खरा, शिक्का खरा, एवढीच त्याची ग्वाही. कागदातली बाई आणि रजिस्ट्रारपुढं बसलेली बाई एकच आहे का, याचं उत्तर त्या चौकोनात नसतं. म्हणजे पैसे आणि वेळ घालून सगळे शिक्के खरे मिळवायचे आणि परक्या देशात टेबलापलीकडच्या माणसानं विचारायचं, "ह्या कोण?" प्रतिज्ञापत्र हे शेवटी तिचं स्वतःचं म्हणणं. मला कोर्टाचा कागद हवा होता.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 152 यासाठी आहे. निकालात किंवा हुकूमनाम्यात हातून राहून गेलेली चूक कोर्ट कधीही दुरुस्त करू शकतं. पण नाव पक्षकारांनीच तसं दिलं असेल तर ती कोर्टाची चूक कशी, असा प्रश्न येणारच. म्हणून आधी मूळ प्रकरण बघणं भाग होतं. विजयनगरच्या न्यायसंकुलात रेकॉर्ड रूममधून निकाली प्रकरणाचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडवून घेतला. विवाह नोंदणीचा दाखला निशाणीला, म्हणजे पुराव्यात दाखल केलेल्या कागदांत, होता आणि त्यावर वधूचं नाव माहेरचंच होतं. लग्नपत्रिकाही जोडलेली, 'चि. सौ. कां.' पुढं तेच नाव. म्हणजे दोन्ही नावं कोर्टासमोर पहिल्यापासून होती, हुकूमनाम्यात फक्त एक उतरलं. अर्जाला पाय मिळाले.

मुलीनं डब्लिनच्या आपल्या दूतावासात जाऊन वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं, ते इथं आल्यावर त्यावर मुद्रांक भरून घेतला, आणि आप्पांच्या सहीनं अर्ज दाखल झाला. कोर्टानं विरुद्ध बाजूला नोटीस काढली. ते रीतसरच होतं. हुकूमनाम्यात दोन माणसं आहेत, एकाच्या नावात बदल करायचा तर दुसऱ्याला विचारलं पाहिजे. आप्पांचा चेहरा मात्र पडला. "त्यो कशाला येतोय मॅडम. आन् आला तर काय बोलंल कुणाला म्हाईत."

बेलिफानं तासगाव तालुक्यात तिच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या गावी नोटीस बजावली. तारीख पडली ती नेमकी ऑक्टोबरात, फळछाटणीच्या हंगामात. द्राक्षबागायतदाराला त्या दिवसांत घरच्या कार्यालाही सवड नसते. ते येणार नाहीत, एकतर्फी युक्तिवाद करावा लागेल असं धरून मी तयारी केली होती.

ते आले. बोर्डावर आमचं प्रकरण बरंच खाली होतं, आणि ते सकाळपासून मागच्या बाकावर बसून होते. पुकारा झाल्यावर पुढं आले. वकील दिलेला नव्हता. न्यायाधीशांनी अर्ज समजावून सांगितला आणि विचारलं, काही हरकत आहे का?

"हरकत न्हाई साहेब. ही दोन्ही नावं एकाच बाईची. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं मीच लिवलं हुतं ते दुसरं नाव. मी बदललं, तर सांगायलाबी मीच यायला पायजे."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "हे लिहून द्या." मी कागद पुढं केला. त्यांनी स्वतःच्या हातानं, सावकाश, हरकत नसल्याची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहिली. रोजनाम्यात त्यांच्या उपस्थितीची नोंद झाली. निशाणीवरचा नोंदणी दाखला आणि ही पुरसीस एवढ्यावर अर्ज मंजूर झाला: हुकूमनाम्यात अर्जदाराच्या नावापुढं 'उर्फ' म्हणून माहेरचं पूर्ण नाव दाखल करावं.

कौटुंबिक प्रकरणं चालवताना माणसांची वाईट बाजू रोज बघावी लागते. वेगळं होऊन वर्षं गेली तरी एका सहीसाठी अडवून ठेवणारे पाहिलेत, त्या सहीचे पैसे मागणारेही पाहिलेत. म्हणून त्या दिवशी कोर्ट हॉलमधून बाहेर पडताना मला भरून आलं होतं, आणि ते मी लपवलं नाही.

कँटीनमध्ये आप्पा एका टेबलाशी आणि ते दुसऱ्या, असं होऊ लागलं तेव्हा मीच दोघांना एका टेबलाशी बसवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ह्यो कागद आता कुठनं कुठवर जाणार?"

मी सांगितलं. कोर्टाची प्रमाणित नक्कल निघेल. तिच्यावर मुंबईत मंत्रालयात गृह विभाग आपलं प्रमाणन करील. त्यानंतर केंद्राचं परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल देईल. अर्जदाराला थेट खिडकीवर जाता येत नाही, मंत्रालयानं नेमलेल्या संस्थांमार्फत कागद द्यावा लागतो. सरकारी शुल्क कागदामागं 50 रुपये, संस्थेचं वेगळं. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे आणि आयर्लंडही त्यात आहे, म्हणून तिथल्या वकिलातीचा शिक्का लागत नाही. हीच मुलगी दुबईला किंवा कतारला असती, तर ते देश करारात नाहीत, म्हणून वकिलातीची आणि पुढं तिथल्या मंत्रालयाची पायरी वाढली असती.

ते ऐकत होते. म्हणाले, "आमच्या द्राक्षाच्या कंटेनरवानीच की. निर्यातीच्या नोंदणीला, ग्रेपनेटला, प्लॉट नोंदवायचा, लॅबवाला नमुना नेतोय, औषधाचं रेसिड्यू तपासतोय, मग कीड-रोग नसल्याचा दाखला, फायटो, मिळतंय. युरोपात पेटी उघडली तर कुठल्या प्लॉटची ते कळाय पायजे. पर प्लॉट नंबरच चुकीचा टाकला असंल तर वरचं समदं फुकट."

वकिली शिकणाऱ्या मुलांना समजावताना मला इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं. आप्पा प्रथमच त्यांच्याकडे बघून बोलले, "यंदा कळी कशी हाय?" आणि दोघांचं बोलणं पावसावर गेलं.

इथं एक सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. या मुलीकडे निदान हुकूमनामा होता. खानापूर-आटपाडीकडून, जतहून माझ्याकडे अशा बायका येतात ज्यांच्या हातात फक्त बाँडवर लिहिलेली काडीमोड असते. खाली पाच पंचांच्या सह्या, वर नोटरीचा लाल शिक्का. रूढीनं होणारा घटस्फोट कायद्यानं अजिबात पुसलेला नाही, हिंदू विवाह कायद्याचं कलम 29 तो राखून ठेवतं. पण तशी रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं, कोर्टाकडून तसा ठराव मिळवावा लागतो. तो नसेल तर परदेशातला अधिकारी त्या बाँडकडे घटस्फोट म्हणून बघत नाही, आणि नोटरीच्या शिक्क्यावर अपोस्टिल लागलं म्हणून बाँडचा हुकूमनामा होत नाही. दुसरा संसार मांडून बसलेल्या बाईला हे सांगताना जीभ जड होते. पंचांनी सह्या करायच्या आधी तिला कोर्टाचा रस्ता दाखवला असता तर किती बरं झालं असतं.

आमच्या प्रकरणात अजून एक गोष्ट उरली होती. रजिस्ट्रारला हुकूमनामा 'अंतिम' आहे हे कळायला हवं होतं. काही देशांत घटस्फोट दोन टप्प्यांत होतो, आधी तात्पुरता हुकूम, मग कायमचा, आणि दुसऱ्या टप्प्याचा वेगळा कागद मिळतो. आपल्या हिंदू विवाह कायद्यात तसं नाही. हुकूमनामा एकच, अपिलाची मुदत 90 दिवस. ती टळली आणि अपील झालं नाही की पुनर्विवाहाला मोकळीक, असं कलम 15 सांगतं. मुदत टळल्याला वर्षं झाली होती, पण हे कागदावर कुठं दिसणार? म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज देऊन, या हुकूमनाम्यावर अपील दाखल नसल्याचा दाखला घेतला आणि तोही सोबत जोडला.

दुरुस्त हुकूमनाम्याच्या नकला आल्या. प्रत्येक पानावर शिक्का नीट उमटलाय का, प्रमाणित करणाऱ्याच्या सहीखाली नाव आणि हुद्दा वाचता येतो का, तारीख आहे का, हे मी खिडकीपाशी उभी राहूनच तपासते. पुढचं प्रत्येक प्रमाणन आधीच्या सहीवर उभं असतं. गिचमिडी सही आणि अर्धवट शिक्का असेल तर मुंबईहून कागद परत येतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य मिळते. दुरुस्त प्रत पूर्वीच्या नवऱ्यालाही हवी म्हणून त्यांचा अर्ज मीच लिहून दिला होता. ती न्यायला ते ऑफिसात आले तेव्हा इंग्रजी भाषांतराचा मसुदा टेबलावर पडला होता. निकाल मराठीत, त्यामुळे भाषांतर लागणारच होतं. त्यांनी विचारून तो हातात घेतला आणि उभ्यानं वाचू लागले. निर्यातीमुळे इंग्रजी कागदांची सवय होती. दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, माझ्या गावाचं स्पेलिंग हितं एक हाय आन् हितं एक." बघितलं तर खरंच तसं होतं. पहिल्या पानावर गावाच्या नावात 'व्ही', दुसऱ्यावर 'डब्ल्यू'. त्यांचं आधार कार्ड बघून स्पेलिंग एकच केलं आणि मगच भाषांतर नोटरीकडे गेलं.

पाकीट मुंबईला गेलं, तिथलं प्रमाणन झालं, नकलेच्या मागे अपोस्टिलचा स्टिकर लागून आलं. स्टिकरवरचा क्रमांक मी संकेतस्थळावर टाकून पाहिला, नोंद दिसली, मग कुरिअर केलं. लॅमिनेट केलेली जुनी प्रत आप्पांनी परत ट्रंकेत ठेवली.

तिचा फोन आला तो रजिस्ट्रारकडून बाहेर पडल्या पडल्या. त्या बाईंनी दोन्ही नावं असलेली ओळ वाचली, पासपोर्ट पाहिला, अपील नसल्याचा दाखला पाहिला आणि फाइल पुढच्या मंजुरीसाठी घेतली. "काहीच विचारलं नाही मॅडम," ती म्हणाली. मी तिला विचारलं, सुनावणीला कोण आलं होतं ते आप्पांनी सांगितलं का? "सांगितलं," ती म्हणाली. "त्यांना माझ्याकडून थँक्यू सांगा, आणि यंदा दर चांगला लागला का तेही विचारा."