पैसे भरून पिंजरे धुवायला

"म्हणजे पैसे भरून घाण काढायला गेलीस गो?" चवथीच्या पंगतीत म्हापशाच्या मावशीने भाचीला सगळ्यांदेखत विचारलं.

भाची कोस्टा रिकाच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहून आली. पहाटे फळं चिरायची, पिंजरे धुवायचे, पाला आणायचा.

ती हसली. "हो. आणि विजेच्या तारेचा शॉक बसलेला स्लॉथ, म्हणजे झाडावर लटकून राहणारा तो संथ प्राणी, आला, तरी आम्ही त्याला हात लावायचा नाही. माणसाची सवय लागली की त्याला जंगलात सोडणं कठीण."

फोटोंमध्ये बादल्या, खराटे आणि लांब झाडावर एक करडा ठिपका. तोच स्लॉथ. मावशी वैतागली, "त्यापेक्षा आपल्या बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जायचं होतंस!"

मला तो ठिपका भलताच आवडला. वन्यप्राण्यांसोबत सेल्फी नको, म्हणून तिथल्या सरकारने २०१९ मध्ये मोहीमच काढली होती. आपल्याकडे घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स, वर व्हिडिओ. (आमच्या घरातही आहेत असे. नावं घेत नाही, पोस्ट वाचतात.)

फोटो मिळणार नाही असं आधीच सांगितलं, तर अशा कामाला आपल्यातले किती जण जातील?