एवढ्याशा पोरांना इंग्रज कशाला?

"चित्रकलेच्या तासाला झोपडी, डोंगर, नारळाचं झाड काढून घ्यायचं सोडून इंग्रजांच्या जहाजांचं काय लावलंय, बाई?" पालकसभेत हे हमखास विचारतात. इतर शाळांतले शिक्षकही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

चौथीला शिवछत्रपती असतात. इंग्रजी राजवट सविस्तर येते ती आठवीत. पण विजयदुर्ग किल्ला आमच्या मुलांना रोज दिसतो. तो कोणी घेतला, कसा घेतला, हे विचारायला ती आठवीपर्यंत थांबत नाहीत.

नुसतं सांगितलं की मुलं माना डोलावतात. हातांनी करायचं म्हटलं की तेवढ्यावर भागत नाही. विजयदुर्गाचा फेब्रुवारी १७५६चा वेढा घ्या. पुठ्ठ्याची तटबंदी, तिला कावेचा रंग, पाण्याला निळा घोटीव कागद, झावळीच्या हिरांच्या डोलकाठ्या. इथवर पटापट होतं. मग झेंडे येतात. समुद्रात इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार, त्यावर इंग्रज सेनानी क्लाइव्हचे सैनिक. किल्ल्यात त्याचे धनी, मराठा आरमारवाले तुळाजी आंग्रे यांची माणसं. आणि जमिनीवरून वेढा घालून बसलेले? पेशव्यांचे. मुलं दोन्हीकडे भगवाच कापतात आणि कात्री थांबते. "बाई, पेशवे आपलेच ना? मगे ते इंग्रजांच्या वांगडा कशे?"

मी शिकवून हा प्रश्न आला नसता. झेंडा कुठे चिकटवायचा हे ठरवावं लागलं, म्हणून आला. मग वयाला पेलेल तेवढं सांगते. आंग्र्यांचं आणि पेशव्यांचं बिनसलं होतं, इंग्रजांना हा किनारा आपल्या जहाजांसाठी मोकळा हवा होता. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्याच एका जहाजावर तोफगोळा पडला, आग शेजारच्या गलबतांवर पसरली आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. पुढे विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बदल्यात इंग्रजांनी बाणकोट घेतलं. एवढं ऐकलं की मुलं नकाशावर बाणकोट शोधायला धावतात. आपल्या भांडणातून परक्याला वाट कशी मिळाली, हे त्यांना पाठ करावं लागत नाही.

रक्त रंगवायला मी लावत नाही. साहेब आणि गुलाम यांचं नाटुकलंही नको. त्यात एका लेकराला सगळ्यांसमोर वाकावं लागतं, आणि ते मला बघवत नाही.

मिठाचं मात्र मला सर्वांत आवडतं. मातीचे छोटे वाफे भाजून घ्यायचे, खाडीचं नव्हे, दर्याचं पाणी भरायचं आणि उन्हात ठेवायचे. पाणी आटून कडेला पांढरं धरलं की मुलं चाटून बघतातच. त्यावर इंग्रज सरकार कर घ्यायचं, असं सांगितलं की वर्ग पेटतो. "पाणी दर्याचा, ऊन देवाचा, मगे पैशे सरकाराक कित्याक?" १९३० साली वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला माणसं याच कारणासाठी सत्याग्रहाला उतरली, हे मी त्यानंतर सांगते. आधी कधीच नाही.