आधी गाऱ्हाणे, मग लक्ष्य

आर्थर ब्रेमर हा २१ वर्षांचा तरुण एप्रिल १९७२मध्ये कॅनडातील ओटावा येथे गेला, तो अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना ठार मारण्याच्या इराद्याने. कडेकोट बंदोबस्तामुळे ते साधले नाही, तेव्हा त्याने आपला मोर्चा अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्याकडे वळवला आणि १५ मे रोजी मेरीलँडमधील लॉरेल येथे प्रचारसभा संपताच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वॉलेस वाचले, पण कमरेखाली कायमचे लुळे झाले. या दोन नेत्यांच्या राजकारणातील फरकाशी ब्रेमरला काही देणेघेणे नव्हते. वॉलेस यांना मारून निक्सन यांच्याइतका गाजावाजा होणार नाही, ही खंत मात्र त्याने रोजनिशीत नोंदवून ठेवली होती.

राजकीय मारेकरी म्हटला की तो एकतर वेडा असणार किंवा कडवा विचारसरणीवाला, असे आपण गृहीत धरतो. अध्यक्षांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने १९४९नंतरच्या अशा ८३ हल्लेखोरांचा आणि हल्ल्याच्या तयारीत पकडलेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा ठरावीक साच्यात बसणारे व्यक्तिमत्त्व हाती लागले नाही. निराशेने ग्रासलेले, नुकतेच काही गमावलेले लोक त्यांत बरेच होते. पण अनेकांनी एकाहून अधिक नेत्यांचा विचार केलेला होता, आणि लक्ष्याला थेट धमकी देणारे फारच थोडे निघाले. मला यातून दिसते ते असे, की मनातले गाऱ्हाणे किंवा नावलौकिकाची भूक आधी असते आणि ती कोणावर काढायची, हे पुष्कळदा मागाहून ठरते.

जॉन बेलिंगहॅम या इंग्रज व्यापाऱ्याचेच पाहा. रशियात त्याला अन्यायाने तुरुंगवास भोगावा लागला, अशी त्याची तक्रार होती आणि ब्रिटिश सरकार नुकसानभरपाई देत नव्हते. अर्जविनंत्या संपल्यावर त्याने पिस्तूल मावेल असा खिसा कोटाला आतून शिंप्याकडून शिवून घेतला, ११ मे १८१२ रोजी संसदेच्या लॉबीत पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना गोळी घातली आणि पळून न जाता तो तिथेच बसून राहिला. पर्सिव्हल यांच्याशी आपले वैयक्तिक वैर नसल्याचे त्याने न्यायालयात सांगितले. यानंतर दोन शतकांनी, जुलै २०२२मध्ये, जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर घरी बनवलेल्या बंदुकीने गोळ्या झाडणाऱ्या तेत्सुया यामागामी याचा राग मुळात एका धर्मपंथावर होता, कारण आईने त्या पंथाला दिलेल्या देणग्यांनी घर धुळीला मिळाले होते. पंथाच्या प्रमुखापर्यंत पोहोचता येईना, म्हणून त्याने पंथाशी संबंध असल्याचे मानून आबे यांना निवडले.

वेडाचा प्रश्न यामुळे निकालात निघत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर १८८१मध्ये गोळी झाडणारा चार्ल्स गिटो उघडउघड भ्रमिष्ट होता. हे काम ईश्वराने सोपवले, असे तो म्हणे. तरीही त्याने अध्यक्षांवर कित्येक दिवस पाळत ठेवली आणि पुढे आपल्याला जिथे ठेवतील तो तुरुंगही आधीच पाहून ठेवला. मनाचा आजार आणि थंड डोक्याचे नियोजन एकाच माणसात नांदू शकतात, हे खटला चालवणाऱ्यांनाही तेव्हा पचवणे जड गेले असावे.

कटात सामील असलेल्यांना मात्र ही मांडणी तितकीशी लागू पडत नाही. इस्रायलचे पंतप्रधान इत्झाक राबिन यांची १९९५मध्ये हत्या करणारा यिगाल आमिर कायद्याचा विद्यार्थी होता आणि लक्ष्य कोण, याबद्दल त्याच्या मनात संदिग्धता नव्हती. साराजेवोत १९१४मध्ये ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या गाव्रिलो प्रिन्सिपला त्यापूर्वी सर्बियाच्या स्वयंसेवक तुकडीने किरकोळ देहयष्टीमुळे नाकारले होते. त्या अपमानातच सगळे उत्तर शोधण्याचा मोह होतो, पण असा नकार पचवून गप्प घरी गेलेले तरुण काय थोडे असतील?

म्हणूनच स्वभावापेक्षा हालचालींकडे पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते, अर्थात त्या हालचालींचा कोणी एकमेकींशी संबंध लावला तर. ऑक्टोबर १९८०मध्ये अध्यक्ष कार्टर नॅशव्हिलमध्ये आले होते, त्याच दिवशी तिथल्या विमानतळावर जॉन हिंकले याच्या सामानात तीन पिस्तुले सापडली. ती जप्त झाली, त्याने दंड भरला आणि तो सुटला. सिक्रेट सर्व्हिसला याची खबर गेली नाही. ३० मार्च १९८१ रोजी त्याने वॉशिंग्टनमध्ये नवे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या.