आठ महिने चूळ भरली, तरी इम्प्लांटमधून पू

काकांनी तोंड उघडलं आणि मला वाटलं हे सिगरेटवाले असणार, खालचे दात हिरडीलगत तपकिरी, जीभही तशीच. विचारलं तर म्हणे आयुष्यात हात लावला नाही. मग ट्यूब पेटली. क्लोरहेक्सिडिन! चूळ भरायचं जंतुनाशक, ०.२ टक्केवालं, फार दिवस वापरलं की असेच डाग पडतात. हिरडी सुजली म्हणून मीच लिहून दिलेलं, पण दोन आठवड्यांपुरतं, आणि काका आठ महिने सकाळ-संध्याकाळ चुळा भरतायत. "रक्त थांबत नव्हतं डॉक्टर, म्हटलं औषध कशाला सोडा." थांबवायला सांगितलं होतं का मी? नक्की आठवत नाही, म्हणजे बहुतेक नसेलच.

इम्प्लांटच्या, म्हणजे दाताच्या जागी हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूच्या कडेने प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) घातला तर ७ मिमी आत गेला आणि मागून पू. एक्सरेत वरचे तीन आटे हाडाबाहेर. आता चूळ कितीही खळखळून भरा, इतक्या खोल पॉकेटच्या, म्हणजे हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीच्या, तळाशी ती पोचतच नाही, वरच्यावर फिरून बाहेर येते.

आणि पोचली तरी काय? टायटॅनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर असतो, हाड धरतं ते त्यालाच, आणि पकड चांगली बसावी म्हणून कंपन्या पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करतात. हाड गेलं की तोच खरबरीतपणा जंतूंची सोय होतो. क्लोरहेक्सिडिनवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, ते दातावर, हिरडीवर, टायटॅनियमवर चिकटून बसतं, म्हणून तर त्याचा असर तासन् तास टिकतो. पण इम्प्लांटला परत चिकटायला हव्यात आपल्या पेशी, आणि प्रयोगशाळेत बघितलं तर हे औषध त्या पेशींनाही मारतं. शिवाय मेलेला बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, जागेवरच राहतो, तो खरवडूनच काढावा लागतो.

तर हिरडी उघडायची ठरलं. प्लॅन असा की ब्रशने आटे साफ करायचे, पातळ हायपोक्लोराइटमधे (ब्लीचसारखं जंतुनाशक) भिजवलेल्या गॉजने पुसायचे, मग क्लोरहेक्सिडिनने धुवायचं. सकाळीच रूट कॅनाल झालेलं त्यामुळे हायपो हाताशी होतं. असिस्टंट नवीन, तिने सिरिंजमधलं जास्तीचं हायपो किडनी ट्रेत सोडलं आणि वर क्लोरहेक्सिडिनच्या सिरिंजमधली हवा काढताना चार थेंब त्यातच पडले. क्षणात विटकरी गाळ! ती घाबरून माझ्याकडे बघतेय आणि मी ट्रेकडे. ही दोन एकत्र करायची नाहीत हे रूट कॅनाल शिकताना घोकून घेतलेलं, मधे सलाईनने धुवायचं नाहीतर गाळ बसतो, आणि माझ्या प्लॅनमधे तो मधला सलाईनच नव्हता. हा चिकट गाळ त्या खरबरीत आट्यांत गेला असता तर काढला कशाने असता? (तिला ओरडले नाही, उलट मनात आभारच मानले.)

दोन्ही सिरिंजा बाजूला. टायटॅनियमचा छोटा ब्रश, सलाईनचा गॉज, परत ब्रश, परत सलाईन. एकेका आट्याची खाच, त्यात मागच्या बाजूला आरसा धरून उलटं बघत काम, मान गेली पार. चाळीस मिनिटांनी धातू राखाडी स्वच्छ दिसला तेव्हा टाके घातले.

तीन महिन्यांनी आले. खोली ४ मिमी, पू नाही, फक्त जिभेच्या बाजूला एका ठिकाणी जरासं रक्त, तिथे इंटरडेंटल ब्रश नीट पोचत नाहीये. हाड भरून आलं असं मी म्हणणार नाही, पण एक्सरेत आणखी खालीही गेलेलं नाही. डाग पॉलिश करून आधीच काढले होते, काका खूश.

निघताना पिशवीतून नवीन बाटली काढली. "ही फ्लोराइडची आहे, ही चालेल ना?" फ्लोराइड आणि त्यात आम्लही असेल तर ते टायटॅनियमचा ऑक्साइडच खातं, न्यूट्रल असेल तर तसा प्रश्न नाही. म्हटलं थांबा काका, आणि मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा शोधायला लागले.