शिफारसपत्राला दोन वर्षं लागतात

अमेरिकेतल्या कॉलेजांची तयारी मी नववीत सुरू केली असं सांगितलं की लोक विचारतात, क्लास कुठला? क्लास नव्हता. जून 2021 मध्ये शाळा मोबाइलवर भरत होती आणि मी पुण्यात सिंहगड रोडवरच्या आमच्या गच्चीत पाण्याची बाटली कापून पर्जन्यमापक ठेवला होता. सुरुवातीचे आकडे चुकत होते, कारण बाटलीचा तळ सपाट नसतो. मग तळात पाणी भरून त्याच्या वर शून्याची रेघ मारली आणि वही सुरू झाली. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी घेतं. पुढे बाबांनी खरा पर्जन्यमापक आणून दिला. कॉलेजचा तेव्हा विचारही नव्हता.

तो विचार दहावीत आला. बाबांचं अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचं छोटं दुकान आहे. तिथे सॅटची, म्हणजे तिकडच्या कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेची, जुनी पुस्तकं विकायला आलेल्या एका दादाने सांगितलं की तिकडची काही कॉलेजं परदेशी मुलांनाही गरजेप्रमाणे पूर्ण आर्थिक मदत देतात. मी त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी प्रवेश ठरवताना मदत मागितली आहे की नाही, हे बघत नाहीत. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. बाकी बहुतेक ठिकाणी बघतात, म्हणजे मदत मागणाऱ्या परदेशी मुलांसाठी दार आणखी अरुंद होतं. घरी आम्ही तेव्हाच ठरवलं: मदत मिळाली तर जायचं, नाहीतर पुण्यातच शिकायचं. त्यामुळे बारावी, सीईटी आणि आयसर या विज्ञानसंस्थेची परीक्षा यांतलं काहीही सोडायचं नाही.

दहावीच्या सुट्टीत आम्ही एका नावाजलेल्या कन्सल्टन्सीत गेलो. तिथल्या मॅडमनी ‘प्रोफाइल’ कसं बनवायचं ते सांगितलं: एखादी संस्था काढ, शोधनिबंध छापून घे, दोन-तीन नेतृत्वाची पदं मिळव. फी ऐकून बाबा गप्प झाले. मी पावसाची वही नेली होती. मॅडमनी ती उघडलीसुद्धा नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं. तेरा-चौदा वर्षांची मुलं मनापासून काहीतरी करत असतात. ते बाजूला सारून त्यांच्याकडून दुसरंच काहीतरी करवून घ्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे मला अजूनही पटत नाही.

सगळ्यात मोठा निर्णय अकरावीच्या प्रवेशाचा होता. माझ्या बहुतेक मैत्रिणी इंटिग्रेटेडला गेल्या: नाव ज्युनिअर कॉलेजात, शिकायचं क्लासमध्ये, कॉलेजात जायचं ते प्रॅक्टिकल आणि परीक्षेपुरतं. जेईईसाठी ते सोयीचं असेलही. पण तिकडच्या अर्जाला साधारणपणे दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात आणि पत्र लिहिणाऱ्याने तुम्हाला वर्गात पाहिलेलं असावं लागतं. म्हणून अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पसंतीक्रम लावताना मी कटऑफच्या आधी एकच चौकशी केली: तास खरंच होतात का? दोन कॉलेजांच्या गेटवर उभं राहून मुलांना विचारलं. जिथे तास होत होते ते वर टाकलं.

फिजिक्सच्या सरांशी ओळख झाली ती त्या वहीमुळेच. एकदा मी त्यांना म्हटलं, “सर, माझ्या गच्चीवर जेमतेम दहा मिलिमीटर पाऊस झाला, तरी भिडे पूल पाण्याखाली गेला.” ते म्हणाले, “मग तू चुकीच्या गच्चीवर मोजते आहेस.” त्यांनी फळ्यावर खडकवासला साखळीतली धरणं काढली: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि शेवटी खडकवासला. मुठा नदीला पाणी येतं ते घाटातल्या पावसाने आणि खडकवासल्याच्या विसर्गाने. त्या दिवसापासून वहीत दोन रकाने वाढले, टेमघरचा पाऊस आणि विसर्गाचे क्युसेक. दोन्ही आकडे पावसाळ्यात रोज बातम्यांमध्ये येतात. सर दर शनिवारी वही बघायचे. त्यांनी पत्रात काय लिहिलं ते मला माहीत नाही, कारण ते वाचायचा हक्क मी अर्जातच सोडला होता. पण दोन वर्षांचे शनिवार त्यांच्याकडे होते.

सॅटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परीक्षा आता लॅपटॉपवर होते, सराव परीक्षा ब्लूबुक अ‍ॅपवर आणि सराव खान अ‍ॅकॅडमीवर फुकट मिळतो. गणित अकरावीच्या मुलीला जड नाही. इंग्रजी उताऱ्यांसाठी मात्र मला सात-आठ महिने रोज वाचावं लागलं.

खरी दमछाक कागदांनी केली. तिकडे नववी ते बारावी हे एकच हायस्कूल धरतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे चार वर्षांचे गुण दोन ऑफिसांत. शाळेत नववीचं प्रगतिपुस्तक शोधायला तीन खेपा झाल्या. ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीत मी “ट्रान्सक्रिप्ट” म्हटलं तर काकू म्हणाल्या, “बोनाफाईड देते, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे काय?” चूक त्यांची नव्हती, आधी कोणी मागितलंच नव्हतं. मी घरून नमुना तयार करून नेला: विषय, पैकी गुण, मिळालेले गुण आणि खाली सही-शिक्क्याची जागा. गुण टक्क्यांतच ठेवले, जीपीए काढला नाही. आपल्या बोर्डाचे गुण असतात तसेच द्यायचे असतात. काउन्सेलरचा, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाचा, फॉर्म आमच्याकडे कोण भरणार, हाही प्रश्नच होता. तो उपप्राचार्यांनी भरला, मी शेजारी बसून एकेक प्रश्न मराठीत सांगत होते. प्रिन्स्टनला शिक्षकांनी तपासलेला, गुण दिलेला एक लेखी निबंध हवा होता. आमच्याकडे तपासलेले असतात ते पेपर. शेवटी इंग्रजीच्या मॅडमनी मला वेगळा निबंध लिहायला लावला आणि लाल शाईने समासभर शेरे देऊन तपासला. आर्थिक मदतीच्या सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्मसाठी दुकानाचा हिशेब, रिटर्न, घराचं कर्ज सगळं भरावं लागलं. त्यात बाबांचे दोन रविवार गेले.

कॉमन अ‍ॅप हा अनेक कॉलेजांचा सामायिक ऑनलाइन अर्ज 1 ऑगस्टला उघडतो. त्याच्या आठवडाभर आधी, 25 जुलै 2024 ला, सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं. आमची इमारत थोडी उंचावर आहे. आम्ही खिचडीची पातेली घेऊन गेलो, तर तळमजल्यावरच्या आजी कमरेएवढ्या पाण्यातून औषधांचा डबा डोक्यावर धरून येत होत्या. अर्जाच्या निबंधाचा पहिला खर्डा मी त्या दिवसावरच लिहिला, पण वाचताना लाज वाटली. नुकसान त्यांचं झालं होतं आणि निबंध माझा होता. तो खर्डा मी टाकून दिला. मग 650 शब्दांत फक्त वहीबद्दल लिहिलं: मी तीन पावसाळे आपल्या गच्चीवरचा पाऊस मोजून नदी समजते आहे असं मानत होते आणि ते कसं चुकीचं निघालं. इंग्रजीच्या मॅडमनी त्यात फक्त स्वल्पविराम बदलले.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ कठीण होता. एकीकडे प्रिलिम, दुसरीकडे एकेका कॉलेजचे वेगळे छोटे निबंध. नऊ अर्ज केले. मार्चमध्ये सहा ठिकाणी नकार आला, त्यात प्रिन्स्टनही होतं, आणि दोन ठिकाणी प्रतीक्षायादी. एका छोट्या कॉलेजने घेतलं, आणि फी, राहणं, जेवण धरून बहुतेक खर्च तेच उचलणार होते. बाबांनी ते पत्र आधी स्वतः वाचलं, मग आईला मराठीत वाचून दाखवलं, मग दुकान उघडायला गेले.

बारावीचा निकाल लागल्यावर शेवटचं गुणपत्रक पाठवायला मी पुन्हा त्याच खिडकीत गेले. काकूंनी कपाटातून एक नवी फाइल काढली. वर ठळक अक्षरांत ‘परदेश’ लिहिलेलं आणि आत माझ्या नमुन्याच्या चार कोऱ्या झेरॉक्स. “अकरावीतली एक मुलगी विचारून गेली,” त्या म्हणाल्या. “तिला शनिवारी बोलावलंय. तू येशील का?”